विठाने रिकामा ठेवलेला ओढा

मी एक चादर बोलतेय. अंथरायची नव्हे हो, चितारलेली. जन्म उल्हासनगर कॅम्प पाचमधला. किनार तिरकी शिवली गेली म्हणून दुकानदाराने मला कोपऱ्यात टाकलं होतं. एक्क्याण्णव साली कात्रपच्या शाळेतल्या चित्रकलेच्या उमाबाईंनी मला उचललं आणि माझं नशीब फळफळलं.

बाई मला चामटोलीजवळच्या ठाकरवाडीत विठाकडे घेऊन गेल्या. लग्नघराच्या भिंतीवर चौक चितारावा तर विठानेच, असा तिचा हात. पण त्या वर्षी वाडीच्या तोंडचं कालवण हिरावलं होतं. कुठल्याशा कारखान्याचं पाणी ओढ्यात उतरायचं, मासे उलटे तरंगायचे आणि ते पाणी नेमकं कुठून येतं ते कुणाला सापडत नव्हतं. पंचायतीतले साहेब अर्ज वाचत नाहीत, चित्र तरी बघतील, अशी बाईंची आशा.

विठाने मला गेरूने सारवलं आणि तांदळाच्या पिठाने ओढा काढला. कुठल्या डोहात कोणता मासा, कुठल्या दगडाखाली खेकडे, मासे अंड्यांवर येतात त्या गाभोळीच्या दिवसांत जाळं कुठे टाकायचं नाही, सगळं जिथल्या तिथे. आंब्याच्या वळणाखाली मात्र तिने काहीच काढलं नाही.

बाईंना वाटलं, राहून गेलं. म्हणून त्यांनी आपल्या हाताने तिथे दोन मासे काढले. झालं! विठा कडाडली.

"ह्ये काय केलंस, बाई? हितं खेकडा बी जगत नाय. तू मासं काढशील, न् सायेब म्हनंल पानी चांगला हाय!"

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी ओल्या फडक्याने मासे पुसले. तो डाग मी अजून मिरवते.

पंचायतीत मला टांगलं तेव्हा साहेब हसले. "लग्नाचं चित्र का?"

विठाने माझ्यावर बोट टेकवलं. "हितवर खेकडं हायत. हितनं खाली नायत. मधी बघा."

साहेब ओढ्यावर बघायला गेले. वळणावर, करवंदीच्या जाळीत, पुरलेला पाइप निघाला. महिन्याभरात तो बंद झाला.

पाच वर्षांनी बाई म्हणाल्या, "विठाबाई, आता तरी ती जागा भर."

"आधी बघून येते." परत आली ती गुडघ्यापर्यंत भिजून. काडी घेतली आणि इवलासा एक खेकडा काढला.

"येवढाच दिसला."

आता मी शाळेच्या भिंतीवर असते. गेरू झडतोय, किनार उसवलीय. मला काचेत घालू नका, बाबांनो. दर वर्षी ओढ्यात उतरा, आणि दिसेल तेवढंच माझ्यावर काढा. जागा अजून पुष्कळ आहे.