पारासमोरची वाट

मित्रांनो, मला स्कूटर म्हणतात, पण ते नाव ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर जी येते ती मी नव्हे. मला चार लहान चाकं आहेत, खुर्चीसारखी फिरणारी बैठक आहे, पुढे जाळीची टोपली आहे आणि पोटात बॅटरी. ज्यांना चालणं जमेनासं होतं त्यांच्यासाठी मला घडवलं. आता मी जुनी झाले आहे. शिरड शहापूरजवळच्या एका गावात हळदीच्या पोत्यांशेजारी उभी असते.

कारखान्यात मला एक चांगली सवय लावली गेली. हँडलाखालची पट्टी अंगठ्याने दाबली की मी चालते, सोडली की आपोआप थांबते. शिवाय मागे एक लाल खटका आहे. तो वर केला की मोटार सुटते आणि मला हाताने ढकलता येतं. पण त्या वेळी माझा ब्रेकही सुटलेला असतो. म्हणून खटका वर असताना माझ्यावर बसायचं नसतं.

प्रियंकाने मला नांदेडच्या दुकानात निवडलं. ती परभणीला शिक्षिका. गावी तिची आई पार्वतीबाई आणि भाऊ बालाजी राहायचे. आईचे गुडघे गेले होते. दुकानात तीन चाकांची एक गाडी होती, ती चटकन वळायची. पण गावचा रस्ता खडबडीत, गाडी कलंडेल, म्हणून प्रियंकाने चार चाकांचाच आग्रह धरला. घराच्या दाराची रुंदी तिने सुतळीला गाठ मारून मोजून आणली होती. स्वतः बसून, वळून पाहिलं. बैठक खाली करून घेतली, आईचे पाय लोंबकळू नयेत म्हणून. इतक्या काळजीने फार थोडे लोक निवड करतात. आईला जायचं कुठे आहे, एवढंच तिने आईला विचारलं नव्हतं. आई अंगणात फिरेल, फार तर दुकानापर्यंत जाईल, असं तिने धरून चाललं होतं.

पार्वतीबाईंना रुक्माबाईंकडे जायचं होतं. दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन या गावात आल्या, एकाच विहिरीवर पाणी भरलं, खुरपायलाही बरोबरच जायच्या. आता रुक्माबाई गावाच्या दुसऱ्या टोकाला, ओढ्याकडे, अंथरुणाला खिळल्या होत्या. अर्धांगवायूने जीभ जड झाली होती. त्यांचं बोलणं सुनेलाही कळत नसे, मग फोनवर कुठून कळणार. जवळ बसून ओठांकडे पाहिलं की फक्त पार्वतीबाईंना कळायचं. रुक्माबाई जाण्याआधी रोज तिच्याजवळ बसायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

पहिल्या दिवशी मला हार घातला, नारळ फोडला आणि आम्ही निघालो, बालाजीही बरोबर होता. वाटेत मारुतीच्या देवळापुढे पार आहे. त्यावर गावातली म्हातारी माणसं बसतात, त्यांतले सगळ्यांत वडील सोनाजी, पार्वतीबाईंचे चुलत सासरे. पार दिसताच माझ्या बाईंनी मला थांबवलं. त्या उतरल्या, डोक्यावर पदर ओढला, चपला काढून टोपलीत ठेवल्या आणि पट्टी दाबत माझ्या बाजूने चालू लागल्या. पण तशी मी हिसके देत पुढे पळायची. मग बालाजीनेच त्यांना लाल खटका दाखवला.

बालाजी हसला. "माय, लोक गाडीवर बसून फिरतेत. तू गाडीला फिरवून राहिलीस."

"मामंजी बसलेत तिथं," त्या म्हणाल्या. "त्यांच्यासमोरून बसून जाऊ व्हय मी?"

प्रियंकाने फोनवर खूप समजावलं. गुडघ्यांसाठी गाडी आणली आणि तू अनवाणी चालतेस, काहून, असं विचारलं. तेव्हा पार्वतीबाई शांतपणे म्हणाल्या, "तू ह्या गावची लेक हायेस. मी सून हाये. तुला चालतंय."

असे बरेच दिवस गेले. पारापाशी उतरायचं, खटका वर, पारापलीकडे गेलं की खटका खाली, मग बसायचं. पुढे ओढ्याकडचा उतार लागतो. रुक्माबाईंच्या दारात मी उन्हात उभी राहायची आणि आतून दोघींचं हसणं ऐकायची. ते माझे चांगले दिवस.

मग एका दुपारी रुक्माबाईंच्या सुनेचा निरोप आला, सासूबाईंना घास गिळवत नाही. माझ्या बाई घाईने निघाल्या. पारापाशी मात्र उतरल्या. पलीकडे जाऊन बसल्या, आणि खटका खाली करायला विसरल्या. पट्टी दाबली, मोटार लागेना. पण पुढे उतार होता आणि मी घरंगळू लागले. त्यांनी पट्टी सोडली. पट्टी सोडली की मी थांबते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मित्रांनो, मी थांबू शकले नाही. आम्ही कुणाच्या तरी आवाराच्या दगडी भिंतीवर आदळलो. त्यांचा खुबा मोडला.

नांदेडला शस्त्रक्रिया झाली. प्रियंका रजा काढून आली. बाईंना घरी आणल्यावर सोनाजी काठी टेकत आले आणि दारातच बसले.

"मला वाटायचं, गाडी रोज बिघडून राहिली," ते म्हणाले. "पोरीला दुकानदारानं फसवलं, असं मी पारावर समद्यांला सांगत होतो. तू माझ्यासाठी उतरतीस, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई. बसून जात जा पोरी. कळलं असतं तर आधीच म्हणलो असतो."

पार्वतीबाईंनी पदर सारखा केला.

बरं वाटू लागल्यावर त्यांनी पुन्हा एकदा माझ्यावर बसवायला सांगितलं. प्रियंका शेजारून चालत होती, तिचा हात हँडलावर होता. पारासमोरून त्या बसूनच गेल्या. मान मात्र खाली होती आणि चपला काढून मांडीवर घेतल्या होत्या. रुक्माबाई जगल्या होत्या. दोघी दुपारभर जवळ होत्या. निघताना रुक्माबाई काही पुटपुटल्या आणि माझ्या बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. काय म्हणाल्या, असं प्रियंकाने वाटेत विचारलं. "घरी गेल्यावर सांगते," त्या म्हणाल्या. घरी पोचेपर्यंत दमल्या होत्या, झोपल्या. त्याच आठवड्यात छातीत कफ भरला आणि माझ्या बाई गेल्या.

जातील म्हणून सगळे ज्यांच्यासाठी धास्तावले होते, त्या रुक्माबाई अजून आहेत.

प्रियंका सुट्टीत येते, मला पुसते, चार्जिंगला लावते. बॅटरी पडून राहिली की मरते, हे तिला माहीत आहे. मग ती माझ्यावर बसून रुक्माबाईंकडे जाते. ती गावची लेक, तिला उतरावं लागत नाही. दारातून मला आतलं दिसतं. रुक्माबाई तिच्याकडे पाहून तेच तेच काही म्हणतात. प्रियंका त्यांच्या ओठांकडे पाहत राहते.

मित्रांनो, घरातल्या कुणासाठी माझ्यासारखी गाडी आणाल तेव्हा दार जरूर मोजा, चाकं पाहा, खटका समजून घ्या. पण त्याआधी त्या माणसाजवळ निवांत बसा. तुला कुणाकडे जायचंय, वाटेत कोण बसलेलं असतं, हे विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.