कुंकू लागलेली रेकॉर्ड

मित्रांनो, मी एक जुनी रेकॉर्ड आहे आणि माझ्या अंगावर कुंकू आहे. हसू नका. ते कसं लागलं, तेच सांगायचं आहे.

माझा जन्म सोव्हिएत रशियातल्या एका कारखान्यातला. तिथे येव्हगेनी तारूतिन नावाच्या गायकाचा आवाज माझ्या अंगावर बारीक रेघांत उमटला. तो ऑपेरात गाई. ऑपेरा म्हणजे तिकडचं संगीत नाटक, फक्त त्यात भांडणसुद्धा गाऊनच करतात. त्याचा आवाज बॅरिटोन, म्हणजे पुरुषाचा मधल्या पट्टीतला, भारदस्त. पण बिचारा राहिला उरल पर्वताकडच्या एका लहान शहरात. मॉस्कोच्या बड्या गायकाला सर्दी झाली की याला बोलावणं जाई. सर्दी उतरली की हा परत घरी.

त्याचा दोषही सांगते. माझ्या दुसऱ्या बाजूला शेवटी एक बाप आपल्या मेलेल्या मुलीला हाक मारतो. बाकीचे गायक तिथे छप्पर उडवत आणि टाळ्या घेत. तारूतिन तिथे आवाज खाली आणी, झोपलेल्या लेकीला दचकवायचं नाही अशा बेताने. ऐकणाऱ्यांना वाटे, याचा दम संपला. माझ्यासारख्या फार रेकॉर्डी निघाल्याच नाहीत.

पुण्यात सोव्हिएत पुस्तकांचं आणि रेकॉर्डींचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे मनोहर नावाच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने मला उचललं. खरं सांगू? पाकिटावरचा फोटो आवडला म्हणून. घरी जाऊन त्याने ती हाक ऐकली, सुई उचलली आणि पुन्हा मागे ठेवली. त्या दिवसापासून मी त्याची झाले.

त्याच्याबरोबरच मी सिंगापूरला आले. तिथल्या जुरोंग आयलंडच्या तेल रिफायनरीत त्याने वीस वर्षं काढली. आता तो चोआ चू कांग भागातल्या फ्लॅटमध्ये मुलगा, सून सुनेत्रा आणि नात मैत्रेयी यांच्याबरोबर राहतो. घरात सगळे त्याला बाबा नाहीतर आजोबा म्हणतात, मी मात्र मनोहरच म्हणते. इथली हवा बाराही महिने दमट, म्हणून कॅमेऱ्यांसाठी असतं तसलं कोरडं कपाट त्याने माझ्यासाठी आणलं. दर रविवारी सकाळी, घरघरीत ती हाक बुडू नये म्हणून, तो पंखा बंद करून घामाघूम होत मला ऐके.

"आजोबा, सो हॉट लाह," असं इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणून मैत्रेयी पळे.

"थोडी मोठी हो, मग ऐकवतो," तो म्हणे. तिथेच तो चुकला.

गेल्या वर्षी त्याचा डावा कान गेला. उजवाही फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मनोहर घाबरला. ती हाक इंटरनेटवर कुठेच नव्हती. विद्यापीठात ध्वनीवर संशोधन करणारा ओळखीतला वरुण म्हणाला, "काका, दसऱ्यानंतरच्या रविवारी मशीन घेऊन येतो. कॉम्प्युटरवर उतरवून ठेवू."

मधे दसरा आला. चौरंगावर लॅपटॉप मांडला, मैत्रेयीची सायकल शेजारी उभी केली. सुनेत्राला वाटलं, बाबांच्या जिवाची वस्तू पूजेत हवीच. पाकिटावरच्या फोटोला डाग पडू नये, म्हणून तिने मला बाहेर काढलं. भक्तिभावाने कालवलेलं कुंकू बोटाने नेमकं त्या हाकेच्या रेघांवर लावलं, हळद लावली, अक्षता वाहिल्या आणि नमस्कार केला. अहो, जन्मात मला कोणी इतका मान दिला नव्हता. कुंकू रेघांत उतरत होतं आणि मला ओरडता येत नव्हतं. सुई टेकल्याशिवाय मला आवाज कुठला?

मनोहर फिरून आला आणि दारातच थांबला.

"बाबा, तुमच्या गायकालाही बसवलं पूजेला," ती आनंदाने म्हणाली.

"छान केलंस," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता? दुपारी खोलीत जाऊन त्याने ओल्या कापसाने मला पुसलं. कुंकवाचा चिखल झाला आणि आणखी खोल गेला.

रविवारी वरुण आला. मैत्रेयीला मुद्दाम शेजारी बसवलं होतं. सुरुवातीचं सगळं नीट वाजलं. मग ती हाक आली आणि नुसती खरखर झाली. वरुणने दोन तास झटून पाहिलं.

"काका, तो जोरात गायला असता तर वाचवता आला असता. तो इतका हळू आहे की खरखर काढली की तोही जातो."

सुनेत्राला आत्ता कळलं. ती रडायला लागली. मनोहर तिला म्हणाला, "तू मान दिलास ग. तुझं काही चुकलं नाही."

मैत्रेयीने पुन्हा कान लावला. "बट आजोबा, देअर इज नथिंग."

"होतं ग," तो म्हणाला. "इथेच होतं." त्याने गाऊन दाखवायला तोंड उघडलं, मग सुई उचलून पुन्हा मागे ठेवली.

मित्रांनो, जे आवडतं त्याची पूजा नंतर करा. आधी ते ऐका, आणि ज्याला ऐकवायचं त्याला आजच ऐकवा. मुलं मोठी होईपर्यंत थांबू नका.

मनोहर अजूनही रविवारी पंखा बंद करतो. मैत्रेयी आता पळत नाही, घाम पुसत बसून राहते. ती जागा आली की तो बोट वर करतो. मी खरखरते. तो हळूच मान डोलावतो आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत राहते.