रेघेच्या वरचं घर

"अहो, घर बांधताय की मचाण?" शिंपीणकाकूंनी खालूनच गवंड्याला झापलं.

"मी काय करू, काकू? साहेबांनी विजेच्या खांबावर रेघ मारलीय, मागच्या पुराचं पाणी तिथवर आलं होतं. जोतं त्या रेघेच्या वरच हवं. नाहीतर परवानगी नाही, अन् परवानगी नाही तर विमाही नाही."

काकूंचं जुनं मातीचं घर पुरात विरघळून गेलं होतं. नव्याचा विमा उतरला नाही तर मुलगा त्यांना इथे राहू देणार नव्हता. शहरात चल म्हणून तो हात धुऊन मागे लागला होता.

घर झालं. कोरडं, चकचकीत, पायऱ्याच पायऱ्या. काकूंनी शिवणयंत्र दाराशी मांडलं आणि शेजारणीची वाट बघत बसल्या. तिचं तोंड कधी मिटायचं नाही, म्हणून सगळे तिला टकळीच म्हणत. दुपारी यायची, उंबऱ्यावर बसून काजं करून द्यायची आणि गावाची उणीदुणी काढायची. आज ती गुडघे धरून पायऱ्यांखाली थांबली.

"चढ की गं!"

"माझे गुडघे तुझ्या साहेबाला विचारून दुखतात होय? तूच ये खाली."

"मशीन डोक्यावर घेऊन येऊ?"

थोडा वेळ वरखाली ओरडाओरडी झाली. पण कुणाची सून रुसली, हे ओरडून कसं सांगणार? टकळी निघून गेली. पुढे तर यायचीच बंद झाली. काकूंना घर खायला उठलं. पाऊस आला तरी आता भीती नव्हती, पण कोरड्या घरात बसून त्यांना रडू यायचं.

विम्याचा माणूस पाहणीला आला, तेव्हा गवंडी पायऱ्यांखाली ओटा बांधत होता. यंत्र आणि दोन बायका मावतील एवढा.

"काकू, हा रेघेच्या खाली येतो. वाहून गेला तर छदाम मिळणार नाही."

"नको मिळू दे."

"निदान थोडा उंच तरी घ्या. चार पायऱ्या."

"एकही पायरी नको."

"अहो, पहिल्याच पुरात जाईल!"

"मग परत बांधीन," काकू म्हणाल्या. "तिला कुठून परत आणू?"

त्याला काही उमगलं नाही. गवंडी मात्र मान खाली घालून थापी फिरवत राहिला. सिमेंट अजून ओलंच होतं, तरी काकू पदर खोचून टकळीच्या घराकडे निघाल्या.