उन्हाची खोली

सासऱ्यांनी भिंतीला उजवा तळहात लावला आणि डोळे मिटून ओठांतल्या ओठांत मोजायला सुरुवात केली. भट्टी तापली की नाही हे ते आयुष्यभर असंच पाहत आले होते. भट्टीच्या तोंडाशी हात धरायचा आणि मोजत राहायचं. कुठल्या आकड्याला हात मागे घ्यावासा वाटतो, त्यावरून पाव आत सारायचे की अजून थांबायचं हे ठरे.

“काय बाबा, सारायचे का पाव?” तिने विचारलं.

“अजून वेळ आहे,” डोळे न उघडता ते म्हणाले. “पण भट्टी चांगलीये.”

घर दाखवायला आलेला दलाल मोठ्याने हसला. तिचा नवरा हसला. सगळे हसतायत म्हणून तिच्या कडेवरची बटणही हसली. बटण हे आजोबांनीच ठेवलेलं नाव. जन्मली तेव्हा पोरीच्या तोंडावर डोळे तेवढे दिसत होते, तेही कुणी घाईघाईत टाचल्यासारखे.

ऐन थंडीचे दिवस होते. घरी, डोंगरात, या वेळी पाण्याच्या पिंपावर बर्फाची साय धरलेली असे. ऊन डोंगराच्या खांद्यावरून उशिरा यायचं आणि पाहुण्यासारखं टेकून लगेच निघायचं. तेवढ्यात बायका खुर्च्या उचलून रस्त्याच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला पळवायच्या. गावात मोजक्याच घरांत ऊन संध्याकाळपर्यंत थांबे. ‘ती उन्हाच्या घरातली’ अशी तिथल्या माणसांची ओळख सांगत, आणि सांगताना आवाजात थोडी जळजळ असे. ती स्वतः सावलीच्या घरात वाढली, सावलीच्या घरात नांदायला आली. तिच्या हाताची बोटं मार्च उलटेपर्यंत सुजलेली असत.

आणि इथे ही खोली! पश्चिमेला जमिनीपर्यंत काच, काचेपलीकडे छपरांच्या वर पसरलेला समुद्र, आणि फरशीवर ऊन सांडलेलं. बटणला तिने खाली ठेवलं, तर पोर त्या उजेडावर थापा मारून त्याला मुठीत धरायला बघू लागली.

“ही बाबांची खोली,” ती म्हणाली. घर घ्यायचं अजून ठरलंही नव्हतं.

सकाळी पाहिलेलं दुसरं घर मागच्या गल्लीत होतं. दोन उंच इमारतींच्या मधे दडपलेलं, समोरासमोर लहान खिडक्या, दिवसाही दिवा लावावा अशी स्वयंपाकघराची स्थिती. किंमत मात्र याच्यापेक्षा चढी. तिने तिथेच दलालाला विचारलं होतं, “अंधाराचे जास्त पैसे घेता का हो तुमच्याकडे?”

“अंधाराचे नाही, ताई,” तो म्हणाला होता, “वाऱ्याचे.”

तिने नवऱ्याकडे पाहिलं होतं, नवऱ्याने भुवई उडवली होती. दलालाची जीभ, तिला काय हाड. सासरे तेव्हा आत आलेच नव्हते. जिन्याच्या वळणावर दगडी बाक होता, त्यावर बसून राहिले होते. “इथे बरं वाटतंय,” असंही म्हणाले होते. जिना चढून दमले असतील, असं तिने धरलं.

“बाबा, शेवटचं तुम्ही सांगा,” नवरा आता म्हणाला. “तुमच्याचसाठी तर हा सगळा खटाटोप.”

डॉक्टरांनी सांगितलं होतं, ही छाती आणखी एक थंडी काढणार नाही. पीठ सोडा, डोंगर सोडा, उबदार जागी जा. म्हणून भट्टीसकट दुकान विकायचं होतं. मुलाने तसं ठरवून टाकल्यावर म्हाताऱ्याने एक अक्षर काढलं नव्हतं.

सासऱ्यांनी भिंतीवरचा हात काढला. उन्हात उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं, फरशीवरच्या नातीकडे पाहिलं.

“हेच घ्या,” ते म्हणाले.

*

एप्रिल लागला तशी खोली बदलली. दुपार कलली की काचेतून ऊन घुसायचं ते थेट पलंगावर, आणि बुडेपर्यंत हलायचं नाही. भिंती रात्री उशिरापर्यंत धगधगत राहायच्या. तिने आधी पडदा लावला, मग पडद्यावर जाड चादर, मग चादर ओली करून पाहिली; ओल्या चादरीने खोलीत अशी वाफ कोंडली की म्हातारा खोकून खोकून अर्धा झाला. बटणच्या मानेवर, काखेत, मांड्यांच्या घड्यांत घामोळं उठलं. पोर रात्री झोपेत पाठ गादीवर घासायची, आणि भिंतीपलीकडून सासऱ्यांची छाती शीळ घालायची. डोंगरात होती तीच शीळ.

“उन्हाचं घर,” नवरा मात्र येता-जाता म्हणायचा. “मी एकटा असतो ना, तर ते मागचं भुयार गळ्यात मारून घेतलं असतं. हिची नजर म्हणून हे मिळालं.”

त्याला बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात काम मिळालं होतं. पिढ्यानपिढ्यांची भट्टी विकून बर्फ फोडायला लागलो, असं तोच हसत सांगायचा. हसणं संपल्यावर चेहरा जरा वेळ तसाच राहायचा. घरी आला की आधी बापाच्या मानेवर आपले गार हात ठेवायचा. म्हातारा लहान पोरासारखा खांदे आक्रसून ओरडायचा, “अरे मेल्या!” दिवसातला तेवढा क्षण घरात सगळ्यांच्या आवडीचा होता.

“बाबा, उकडत नाही ना फार?”

“मला? भट्टीपुढे जन्म गेला माझा. मला कसलं उकडतंय.”

जेवण झालं की सासरे चपला घालायचे आणि “समुद्रावर जाऊन येतो” म्हणून निघायचे, ते दिवेलागणीला परतायचे. समुद्र कसा होता म्हणून ती विचारायची. छान होता, म्हणायचे. कधी शांत होता, कधी आज जरा रागावलाय. त्यांच्या चपलांना वाळू कधी दिसली नाही. माणूस टापटिपीचा, सुनेला पुन्हा झाडायला लागू नये म्हणून खालीच झटकत असेल, एवढंच तिच्या मनात आलं. उलट तिला बरं वाटायचं. घर सोडून आल्यावर एक गोष्ट तरी त्यांना इथे आवडली.

त्या दिवशी ते गेल्यावर ओटा पुसताना तिला फळीवर दम्याचा पंप दिसला. तो खिशात टाकल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नसत. सकाळपासून श्वास ओढून घेत होते, ते तिने ऐकलं होतं. तिने बटणला कडेवर मारलं, तिच्या डोक्यावर ओला रुमाल टाकला आणि निघाली.

वाळूवर पाय ठेववत नव्हता. किनारा या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा. एक माणूस उलट्या केलेल्या होडीच्या सावलीत आडवा पडून होता. शेजारी रंगाचा डबा, त्यात काठी.

“एक म्हातारे गृहस्थ पाहिलेत का हो? उंच, पांढरा सदरा? रोज येतात दुपारचे.”

त्याने मान वर केली. “दुपारचे? इथे?”

“रोज.”

“ताई, या वेळी इथे कुत्रं फिरकत नाही. माझा नाइलाज आहे म्हणून मी. तुम्ही पोरीला घेऊन आधी सावलीला जा बघू, लाल झालीये ती.”

ती परत वळली. कुठे शोधायचं ते कळेना. चक्कर येऊन कुठे पडले असतील का? बटण रडायचंही विसरून खांद्यावर मान टाकून होती. तिने मोठा रस्ता सोडला आणि सावली दिसेल त्या बाजूने चालायला लागली. एका गल्लीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत; आणि एका वळणावर अचानक वारा लागला. गार, सरळ, दार उघडल्यासारखा. बटणने मान उचलली. ती थबकली. दोन उंच इमारतींच्या मधली गल्ली तिने ओळखली.

ती आत शिरून जिना चढली. वळणावरच्या दगडी बाकावर सासरे झोपले होते. चपला खाली शेजारी शेजारी. खिडक्यांमधून वारा या भिंतीकडून त्या भिंतीकडे जात होता आणि सदऱ्याची बाही हलत होती.

समोरचं दार सताड उघडं होतं. आत दाराशीच मशीन घेऊन एक जाडजूड शिंपीण बसली होती. तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या.

“हळू,” ती कुजबुजली. “आत्ताच डोळा लागलाय. तुम्ही सूनबाई ना? आणि ही बटण. ओळखलंच मी, डोळ्यांवरून.”

“हे रोज इथे...?”

“उन्हं वाढल्यापासून. पहिल्या दिवशी म्हणाले, बाई, तुमच्या बाकावर टेकू का घटकाभर, हे घर आमचं होता होता राहिलं. मी म्हटलं टेका की, बाकाला काय भाडं लावलंय? मग गप्पा मारतात, माझे दोरे ओवून देतात. डोळे चांगले आहेत हो अजून. तुमच्याबद्दल फार बोलतात.”

“काय बोलतात?”

“सुनेनं मला घरातली सगळ्यांत चांगली खोली दिली, म्हणतात.”

शिंपिणीने एक स्टूल पायाने पुढे ढकललं, पण ती बसली नाही.

“तुम्ही...” तिने विचारायला सुरुवात केली आणि आवाज आणखी खाली आणला. “तुम्ही कधी हे घर सोडायचं म्हणालात तर...”

शिंपीण हसली, पण ते हसू बोचणारं नव्हतं. “इथली माणसं एकदा सावली मिळाली की सोडत नाहीत, पोरी. मी हे मिळवायला सात वर्षं उन्हाच्या घरात काढलीत. बस ना जरा. घोटभर पाणी पी.”

बटण खाली उतरायला धडपडत होती. तिने तिला सोडलं. पोर रांगत शिंपिणीच्या मशीनखाली गेली, तिथे कापडाचे तुकडे पडले होते, त्यांत बसली. डोक्यावरचा रुमाल गळून पडला. वारा लागून तिच्या जावळाचे ओले कुरळे केस सुटे होऊ लागले.

ती सासऱ्यांच्या जवळ गेली आणि वाकली. लेकीच्या जन्मापासून तिला झोपलेल्या माणसाचा श्वास ऐकायची सवय लागली होती. छाती वर येत होती, खाली जात होती. शीळ नव्हती. तिने कान आणखी जवळ नेला. नव्हतीच.

पंप तिने त्यांच्या सदऱ्याच्या खिशात हळूच सरकवला.

*

संध्याकाळी ते आले, तेव्हा ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. चपला काढल्याचा आवाज आला. मग ते फळीपाशी आले. खिशातून पंप काढून त्यांनी तो रोजच्या जागी ठेवला. हात जरा वेळ तिथेच राहिला.

“समुद्र कसा होता, बाबा?” तिने न वळता विचारलं.

त्यांनी पंप फळीवर नीट सरळ लावला.

“शांत होता.”

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी चपला घातल्या. ती बटणला घेऊन दारात आली. पोरीचं डोकं पुसलेलं, अंगात पातळ झबलं. दुसऱ्या हातात लहान उशी होती.

“बसायची जागा टणक असेल तिथली,” ती म्हणाली. “आणि हिलाही न्या आजपासून. घामोळ्याला... समुद्राची हवा बरी म्हणतात.”

सासऱ्यांनी उशी घेतली. नातीला घेतलं. सुनेकडे पाहिलं.

“तूही चल ना गं.”

“मी कशी येऊ? हे लवकर आले आणि घरात कुणी नसलं तर विचारतील, कुठे गेला होता सगळे.”

“ते खरं,” ते म्हणाले. मग जरा घुटमळले. “त्याला कळायला नको. फार जिवावर येऊन भट्टी विकलीये त्यानं.”

“नाही कळणार.”

जिन्यावरून बटणचा आवाज खाली खाली जात ऐकू येईनासा झाला. ती सासऱ्यांच्या खोलीत गेली. काचेतून ऊन नुकतंच पलंगाच्या कडेला लागत होतं. तिने भिंतीला तळहात लावला आणि डोळे मिटून मोजायला सुरुवात केली. फार पुढे जाता आलं नाही.

नवरा त्या दिवशी खरंच लवकर आला. त्याच्या मागोमागच सासरे नातीला घेऊन आले. त्याने आल्या आल्या बापाच्या मानेवर गार हात ठेवले, म्हातारा “अरे मेल्या!” म्हणून ओरडला, बटण खिदळली. मग त्याने लेकीला उचलून घेतलं आणि तिची घट्ट मिटलेली मूठ उघडली. आत निळ्या कापडाची एक त्रिकोणी चिंधी होती, कडा कात्रीने सरळ कापलेल्या.

“समुद्रावर हे कुठून आणलंस गं बये?” त्याने लेकीला विचारलं, आणि मग बापाकडे पाहिलं.

सासरे चपला जागेवर लावत होते. ते वाकलेलेच राहिले.

“वाहून येतं काहीबाही,” ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी पाणी आणायला आत वळली.

तो चिंधी उजेडाकडे धरून पाहत होता. मावळतीचं ऊन सासऱ्यांच्या खोलीच्या उघड्या दारातून बाहेर येऊन त्याच्या पावलांपर्यंत पोचलं होतं.

“काय ऊन आहे बघ,” तो लेकीला म्हणाला. “तुझ्या आईनं शोधलंय हे घर.”