आधी पाणी, मग जाळ

मित्रांनो, तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत, वसुमतीबाईंच्या स्वयंपाकघरात मी आत्ता गॅसवर बसलो आहे. मी कथलाचा एक जुना चंबू. पोटात पाण्याचा थेंब नाही आणि खाली जाळ पेटलेला आहे. पितळेचा असतो तर नुसता काळा पडलो असतो. कथील मात्र वितळतं. तेव्हा माझी कहाणी मला घाईघाईनेच सांगावी लागणार.

कुंभकोणमच्या एका कारागिराने मला ठोकून ठोकून घडवलं. वसुमतीबाई पापनाशमहून नवरी होऊन आल्या, तेव्हा मी त्यांच्याबरोबर या घरात आलो. मला काम एकच, मिऱ्याचं सार. उन्हाळाभर मी फळीवर पालथा पडून असे. आमच्या इकडचा कार्तिकातला पाऊस ओसरू लागला, संध्याकाळी गार वारं सुटलं आणि माणसं कानाला मफलर गुंडाळू लागली, की मला खाली काढत. चिंचेचं पाणी, मिरं आणि जिरं माझ्यात उकळायचं. फेस वर आला की लगेच उतरवायचं आणि पळीत केलेली फोडणी वरून ओतायची. मग सगळे स्वयंपाकघरातच खाली बसून फुंकर घालत पेल्यातून सार पीत, सोबत भाजलेला आप्पळ, म्हणजे पापड. शेजारणी मुद्दाम त्याच वेळेला विरजण मागायला येत. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

सून भुवना घरात आली, तेव्हा वसुमतीबाईंनी तिला पहिला धडा माझाच दिला. "आधीं पाणी, मग जाळ. रिकामा ठेविलास तर चंबू गेला म्हणून समज."

आणि परवा त्यांनीच मला रिकामा ठेवला. गॅस पेटवून त्या मागच्या दारी तुळशीपाशी गेल्या आणि तिथेच रमल्या. भुवनाने धावत येऊन गॅस बंद केला. वसुमतीबाई आत आल्या आणि त्यांनी माझा बसका झालेला तळ पाहिला.

"कोण ठेविलें हें?" त्यांना खरोखरच आठवत नव्हतं.

भुवना क्षणभर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "मीच ठेविलें, अम्मा."

नवऱ्याला, वरुणरावालाही तिने तेच सांगितलं आणि दोघांची बोलणी खाल्ली. खरं कळलं तर सासूबाईंना चुलीपाशी कुणी येऊ देणार नाही, ही तिला धास्ती. माया होती ती, मला कळतं. पण माझा जीव तुटत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल, भुवना, पण या मुठीत निखारा आहे. बोल ना कुणाशी तरी. चंबूचं ऐकतं कोण?

आज ती लेकीला, हरिणीला, शिकवणीहून आणायला गेली. जाताना म्हणाली, "मीं येऊन सार करतें, अम्मा. तुम्ही नुस्तें बसा." वसुमतीबाईंच्या डोक्यात तेवढं सारच राहिलं. त्यांनी मला चढवलं, पेले मांडले आणि पाटावर जाऊन बसल्या. बाहेर पाऊस कोसळतो आहे. भुवना कुठेतरी अडकली असणार.

मित्रांनो, माझा तळ सुटला. थेंब बर्नरवर पडताहेत, एक शेजारच्या फडक्यावर पडला आणि फडकं धुमसू लागलं. वास आला म्हणून वसुमतीबाई उठल्या आणि सार बघायला वाकल्या. पदर खांद्यावरून लोंबतो आहे. मागे व्हा, बाई. मी गेलो तरी चालेल, तुम्ही मागे व्हा. मला वाचा का दिली नाही कुणी?

वरुणराव कामावरून भिजत आला तो दारातूनच धावला. त्याने आईला मागे ओढलं, गॅस बंद केला, फडकं मोरीत फेकलं.

"अम्मा, कोण ठेविलें हें?"

"भुवना असेल. कितीदां सांगितलें तिला."

तेवढ्यात भुवना हरिणीला घेऊन उंबऱ्यात आली. तिने ओट्याकडे पाहिलं. छत्रीसुद्धा मिटली नव्हती, तोच बोलली, "मीच ठेविलें."

वरुणरावाने तिच्या ओल्या छत्रीकडे पाहिलं. "तूं घरांत नव्हतीस, भुवना."

भुवना तिथेच खाली बसली आणि रडू लागली.

मित्रांनो, जुन्या भांड्याने शेवटी म्हणायचं असतं, आम्हाला जपा. मी ते म्हणणार नाही. माझ्यासारखा चंबू कुंभकोणमला आणखी मिळेल. पण घरातलं कुणी विसरू लागलं, तर ते एकट्याने झाकत बसू नका, घरात सांगा, डॉक्टरांना दाखवा. आणि आत्ता कुणीतरी आधी वसुमतीबाईंना जवळ घ्या. भुवना का रडते आहे ते त्यांना कळत नाही, आणि पेले मांडून त्या अजून साराची वाट बघताहेत.