दार्किमचा संगणक गप्प बसला तेव्हा

दार्किम वर्गात यायला लागला तेव्हा सुरुवातीचे काही दिवस त्याने संगणकाला हातसुद्धा लावला नाही. त्याची बायको रासिती सकाळी त्याला स्कूटरवर मागे बसवून आणायची, हाताला धरून खुर्चीपर्यंत न्यायची आणि जवळच्या सोकाराजा गावातल्या मिठाईच्या दुकानात तळणीवर उभं राहायला निघून जायची. दार्किम दोन्ही तळवे टेबलावर पालथे टाकून बसायचा. लवंगेच्या सिगारेटचा वास आला की वासितोला कळायचं, हा उठून खिडकीशी गेला.

वासितो तिथला शिक्षक. जन्मापासून आंधळा. त्यांच्या पुर्वोकर्तो शहरात आंधळ्या पोराने मालिश शिकायची हे ठरलेलंच असतं, तशी तोही शिकला होता. पण पुढे बोलणारा संगणक हाती लागला आणि तो त्यातच रमला. पासार वागे या बाजाराच्या मागच्या गल्लीत एका संस्थेने त्याला एक खोली आणि सहा जुने संगणक दिले होते. तिथे तो आपल्यासारख्यांना शिकवायचा.

दार्किम मात्र त्याच्यासारखा नव्हता. त्याचे डोळे वर्षभरापूर्वीपर्यंत शाबूत होते. तो दूरच्या सुराबाया शहरापर्यंत ट्रक चालवायचा. एका मित्राकडच्या लग्नात भेसळीची दारू प्यायला. बरोबरचे दोघे सकाळपर्यंत गेले. हा वाचला, पण नजर गेली.

"मला मालिशवाला करू नका," पहिल्याच दिवशी त्याने बजावलं होतं. "लोकांच्या पाठी रगडत बसण्यापेक्षा घरी पडून राहीन."

"इथे पाठी नाहीत, कांग. बटणं आहेत," वासितो म्हणाला. कांग म्हणजे दादा. दार्किम वयाने मोठा होता.

"बटणं दाबून काय होतं?"

"दाबून बघा. बोलतं ते."

बऱ्याच दिवसांनी त्याने दाबून बघितलं. यंत्राचा तो नाकातला, एकसुरी आवाज ऐकून तो एकदम हसला. "अरे, हा तर सर्जी! माझा क्लीनर. असाच नाकात बोलायचा हरामखोर, सुराबाया येईपर्यंत तोंड बंद नाही." त्या दिवसापासून वर्गात सगळेच त्या आवाजाला सर्जी म्हणू लागले. दार्किमने सर्वात आधी काय लिहिलं तर रस्त्यावरची गावं, पुर्वोकर्तोपासून सुराबायापर्यंत, ओळीने. सर्जी ती वाचून दाखवायचा आणि दार्किम मध्येच म्हणायचा, "इथे घाट आहे. इथे ब्रेक सांभाळ."

सगळं ठीक चाललं होतं, पण ती यंत्रं म्हातारी. बटण दाबल्यापासून सर्जी तोंड उघडेपर्यंत फार वेळ जायचा. बाकीचे तेवढ्यात गप्पा मारायचे, तुरिनाने आणलेला चहा प्यायचे. दार्किम गप्पा मारायचा नाही. तो रोज विचारायचा, "आज बोलेल ना?" त्याच्या विचारण्यातली धास्ती वासितोला ऐकू यायची, आणि ती ऐकणं त्याला जड जायला लागलं.

म्हणून त्याने ते काम अंगावर घेतलं. संगणक चालू झाला की एक प्रोग्राम सगळ्यांच्या आधी जागा होतो आणि बाकीच्यांना उठवतो: पडद्याला, कळफलकाला, आवाजाला. वर्गातले संगणक लिनक्स या प्रणालीवर चालायचे. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी या कामाला एकच मोठा, भारदस्त कारभारी असतो. पण त्याच्या जागी दुसरे, लहान आणि चपळ कारभारीही बसवता येतात. त्यातला रनिट नावाचा एक वासितोने निवडला. इंटरनेटवरच्या ओळखीच्या लोकांनी त्याला सांगितलं होतं, "चालतंय ते कशाला उसवतोस?" पण त्याच्या घरच्या यंत्रावर रनिट महिनोन्‌महिने बिनतक्रार चालला होता. शनिवारी वर्ग सुटल्यावर त्याने सहाही संगणकांवर तो बसवला, प्रत्येक यंत्र पुन्हा सुरू करून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी सर्जी झटक्यात बोलला. वासितो खूश होऊन घरी गेला. वाटेत त्याने मेंदोआनची गरम भजी विकत घेतली आणि चालता चालताच खाल्ली.

सोमवारी वर्ग भरला. सगळ्यांनी बटणं दाबली. पंखे घरघरले. दोन यंत्रांवर सर्जी बोलला. बाकीची चार गप्प.

"पाक गुरू, माझं बोलत नाहीये," दार्किम म्हणाला. पाक गुरू म्हणजे गुरुजी.

"थांबा कांग, बोलेल."

वासितोचं स्वतःचं यंत्रही गप्पच होतं. त्याने ते बंद करून पुन्हा चालू केलं. नाही. वायर चाचपली, हेडफोन लावून बघितला, पासवर्ड अंदाजाने टाकून आवाजाचा प्रोग्राम हाताने उठवून पाहिला. काहीच नाही. पलीकडे ज्या दोघांचं चालू होतं ते आपापलं टंकत होते आणि सर्जी त्यांना अक्षरन्‌अक्षर वाचून दाखवत होता.

"मी काही चुकीचं दाबलं का?" दार्किमचा आवाज आला.

"नाही हो. माझंही बंद आहे."

"त्यांचं चालू आहे की."

वासितोलाही तेच कोडं पडलं होतं. शनिवारी बोललेलं यंत्र सोमवारी का बोलत नाही, आणि बोलत नाही तर सहाही का गप्प नाहीत? बिघाड सगळीकडे सारखा असता तर धागा हाती लागला असता. त्याने आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "यू तुरिना! जरा येता? तुमचे डोळे हवेत." यू म्हणजे ताई.

तुरिना संस्थेत झाडलोट आणि चहाचं बघायची. हात पुसत आली. "डोळे देते, पण परत दे हो," ती म्हणाली. "काय करू?"

"संगणकाचा पडदा चालू करा. एरवी तो बंदच असतो. मी टंकतो, तुम्ही दिसेल ते वाचा."

"इंग्रजी आहे सगळं."

"अक्षरं वाचा नुसती."

वासितोने आज्ञा टंकली. आवाजाचा प्रोग्राम उठलाच नसणार, त्याला वाटत होतं. तसं असलं तर उपाय सोपा.

"आर, यू, एन," तुरिनाने वाचलं. "मग एकाखाली एक दोन टिंबं."

"रन? नीट बघा. डी, ओ, डब्ल्यू, एन असेल."

"मला डोळे आहेत, वासितो. आर, यू, एन."

म्हणजे प्रोग्राम चालू होता. चालू होता आणि बोलत नव्हता. आता वासितोला भलतंच वाटायला लागलं, की सहाही यंत्रं आपण कायमची बिघडवून ठेवली, संस्थेचे लोक काय म्हणतील, आणि शिकायला आलेल्यांना उद्या काय सांगायचं. मागून कोणाची तरी खुर्ची सरकली. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याने आवाज कमीजास्त करायचा तक्ता उघडला.

"आता उभे पट्टे दिसतायत का? खाली 'मास्टर' लिहिलंय?"

"पट्टेबिट्टे काही नाहीत. एकच चौकोन आहे. एस, मग तिरकी रेघ, मग पी, डी, आय, एफ."

"आणि वर? 'कार्ड' या शब्दापुढे?"

"मोठं आहे रे. एच, डी, ए... मग आय, एन, टी, ई, एल... मग एच, डी, एम, आय."

एचडीएमआय म्हणजे पडद्याची वायर, हे वासितोला माहीत होतं. त्याला सगळं समजलं. यंत्रात आवाज बाहेर जायच्या दोन वाटा होत्या. एक स्पीकरकडे, दुसरी पडद्याच्या वायरीतून पडद्याकडे. जुना कारभारी सगळ्यांना सावकाश, ठरलेल्या क्रमाने उठवायचा, त्यामुळे स्पीकरचा नंबर कायम पहिला. रनिट सगळ्यांना एकदम हाक मारतो. जो आधी उठेल तो पहिला. शनिवारी यंत्रं तापलेली होती, स्पीकर पुढे राहिला. दीड दिवस थंड पडल्यावर आज चार यंत्रांत पडद्याने बाजी मारली. आणि पडद्यांना स्पीकरच नव्हते.

"बोलत होता!" तो ओरडला. "यू, तो सकाळपासून बोलतोय. भलत्या वायरीत बोलतोय!"

"मला काय कळणार त्यातलं. सापडलं ना?"

त्याने एका फायलीत स्पीकरचं नाव लिहिलं, म्हणजे नंबर कोणाचाही लागो, आवाज नावाने जाईल. प्रोग्राम पुन्हा उठवला. सर्जी नाकातून बोलू लागला. वर्गात कोणीतरी टाळी वाजवली. वासितो उठला आणि भिंतीला हात लावत खिडकीकडच्या शेवटच्या टेबलापाशी गेला.

"कांग दार्किम, जरा सरका, एका मिनिटात तुमचंही..."

त्याचा हात रिकाम्या खुर्चीला लागला. खुर्चीच्या पाठीला काठी लटकत होती.

"यू, दार्किम कुठाय?"

"मला वाटलं मोरीत गेला. केव्हाचा गेलाय," तुरिना म्हणाली, आणि मग तिच्याही लक्षात आलं. "अगं आई. काठी इथेच आहे."

ती गल्लीत धावली. वासितो दारात उभा राहिला. गल्लीच्या टोकाशी मोठा रस्ता होता. एरवी त्याचा आवाज कानाला लागतही नसे. आता प्रत्येक हॉर्न त्याला स्वच्छ ऐकू येत होता.

तुरिना हात हलवत परत आली. कोणी पाहिलं नव्हतं. रासितीला फोन केला. ती स्कूटर दामटत आली तेव्हा तिच्या कपड्यांना तळणीचा आणि गुळाचा वास होता.

"तुमच्या भरवशावर सोडून जाते ना मी?" ती वासितोवर कडाडली. "माणूस उठून जातो आणि तुम्हाला पत्ता नाही?"

"मी मशीन बघत होतो."

"मशीन! मशीन बिघडलं तर दुसरं आणाल."

वासितोने तिचा आवाज आला तिकडे हात पुढे केला. तो म्हणाला, "मला घेऊन चला." रासिती स्कूटर वळवत म्हणाली, "बसा मागे. तो ट्रकच्या आवाजाकडे गेला असणार. दुसरीकडे कुठे जायचंय त्याला?"

मोठ्या रस्त्यावर पंक्चर काढणाऱ्याची टपरी होती, जिथे ट्रकवाले हवा भरायला थांबत. तिथेच तो सापडला. कॉम्प्रेसरच्या धडधडीतून वासितोला आधी त्याचा खोकला ऐकू आला. टायरवर बसला होता. वाटेत गटारात पाय जाऊन गुडघा फुटला होता आणि टपरीवाल्याने त्यावर चिंधी बांधली होती.

रासिती स्कूटरवरून उतरली. ती त्याच्यापुढे बसून रडायला लागली. दार्किम तिला म्हणाला, "अगं, मेलो नाही मी," आणि तिचा खांदा शोधून त्यावर हात ठेवला.

"कांग," वासितो म्हणाला, "दोष माझा होता. तुमचं यंत्र बोलत होतं. आवाज स्पीकरऐवजी पडद्याच्या वायरीत जात होता."

"म्हणजे सर्जी बोलत होता?"

"हो. सगळा वेळ."

दार्किम हसला, पण ते हसू ऐकून वासितोला बरं वाटलं नाही. "पाक गुरू, त्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी उठलो. रासितीला म्हटलं, दिवा लाव. ती म्हणाली, दिवस उजाडलाय. मी म्हटलं, थट्टा नको, दिवा लाव. चार-पाच वेळा म्हटलं मी." कॉम्प्रेसर बंद पडला होता. "आज तसंच वाटलं. बाकीच्यांचं चालू, माझं बंद. तुम्ही म्हणालात, थांबा, बोलेल. डॉक्टरही तेच म्हणायचा, थांबा, दिसेल."

वासितोला म्हणायचं होतं की मी तुमच्यासाठीच ते बदललं, तुमचं वाट बघणं कमी व्हावं म्हणून. पण ते आता सांगण्यात काही अर्थ नव्हता. तो म्हणाला, "उद्या याल?"

"येतो असं म्हणत नाही."

तो दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. वासितोने सहाही यंत्रांवर ती फाईल लिहिली. आता तो पुन्हा सुरू करून पाहण्यावर विसंबला नाही. रोज वर्ग सुटला की प्लग उपटून यंत्रं थंड पडू द्यायची आणि सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन चालू करायची. रोज सहाही बोलत होती. तरी त्याला खात्री वाटेना. जुना कारभारी परत बसवावा असंही त्याच्या मनात येऊन गेलं. मग त्याने आणखी एक गोष्ट केली. सर्जीच्या आधी, संगणकाच्या डब्याच्या आतल्या लहानशा भोंग्यातून एक टूं असा आवाज निघेल अशी सोय केली. त्याला साउंड कार्ड लागत नव्हतं. सर्जी मुका झाला तरी यंत्र जिवंत आहे एवढं तरी कळावं.

दार्किम आला तो पुढच्या आठवड्यात. लंगडत होता. या वेळी रासितीने त्याला दारातच सोडलं आणि तो काठीने चाचपत आपल्या खुर्चीपर्यंत आला. बटण दाबलं. टूं वाजलं.

"हे काय नवीन?"

वासितोने सांगितलं.

"बरं. मग आता सर्जीला बंद करा."

"बंद?"

"तो गेला तर मी काय करायचं, ते आधी शिकवा. गावांची यादी नंतर."

वासितो त्याच्या शेजारी बसला. आवाज बंद केला. मग एकेक अक्षर सांगत गेला: आधी आपलं नाव, मग एंटर, मग पासवर्ड, मग आवाज पुन्हा उठवायची आज्ञा. दार्किम जाड बोटांनी शोधत शोधत कळा दाबत होता. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही.

"कुठे चुकलं?"

"मलाही दिसत नाही, कांग. पुन्हा पहिल्यापासून."

दार्किमने सणसणीत शिवी घातली. त्याचा श्वास वाढलेला वासितोला ऐकू येत होता आणि आता हा उठून जाईल असं त्याला वाटलं. खुर्ची करकरली. पण दार्किमने ती फक्त पुढे ओढली होती. त्याने आपल्या नावाचं पहिलं अक्षर शोधलं आणि दाबलं.