मधलं नाव

गेली बारा वर्षं मी कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात रक्ताचे नमुने घेते. माझं नाव अनुजा, पण माघारी सगळे ‘खवट बाई’ म्हणतात. म्हणेनात का! पेशंटनं स्वतःच्या तोंडानं पूर्ण नाव सांगितल्याशिवाय मी सुई टोचत नाही. ‘तुम्हीच का अमक्या?’ असं तर मुळीच विचारत नाही, कारण घाबरलेलं माणूस दवाखान्यात कशालाही ‘व्हय’ म्हणतं.

त्या मंगळवारी बायकांच्या वॉर्डात सातव्या खाटेवर गेले. कागदावर नाव होतं चिमणाबाई पिराजी पाटील. अकराला गर्भपिशवीचं ऑपरेशन, त्याआधी दोन पिशव्या रक्त जुळवून ठेवायचं. नमुना दुसऱ्याच बाईचा गेला, तर चुकीचं रक्त चढणार आणि बाई टेबलावरच जाणार.

“नाव सांगा, मावशी.”

“चिमणाबाई पाटील.”

“मधलं?”

मावशींनी पदर तोंडाला लावला. “अगं बया! मालकांचं नाव कसं घिऊ?”

हातातली नावाची पट्टी बघावी, तर ती बांगड्यांत अडकते म्हणून त्यांनी कापून टाकलेली. सून चहा आणायला गेलेली.

“काढ की गं रक्त,” संयोगिता सिस्टर ओरडली. “सातवी खाट, चिमणाबाई पाटील. आता काय कुंडली पायजे व्हय तुला?”

तेवढ्यात सर्जन उदयसिंह दारात आले आणि त्यांनी सगळ्यांदेखत मला झापलं. “तुझ्यामुळं ऑपरेशन रखडलंय. काढ, नाहीतर दुसऱ्या कुणाला बोलावतो!”

मला राग आला. सुई ट्रेमध्ये ठेवली आणि मावशींच्या शेजारी बसले.

“मावशी, नुसतं नाव नका घेऊ. उखाण्यात घ्या.”

मावशी लाजल्या, खाकरल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

“आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा घरभर वास,
आकारामरावांस्नी भरवते साखरभाताचा घास!”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी कागद डॉक्टरांच्या नाकासमोर धरला. तिथं आकाराम नव्हते, पिराजी होते.

“पिराजी? ते तर आमचं की!” आठव्या खाटेवरची बाई म्हणाली आणि नाव तोंडातून गेलं म्हणून तिनं जीभ चावली. तीही चिमणाबाई पाटीलच, नेसरीची. उखाणा घेणाऱ्या आजऱ्याच्या मावशींना खिडकीचं वारं सोसंना, म्हणून दोघींनी सकाळी आपापसांत खाटा बदलल्या होत्या. हे कुणाला तरी सांगायला हवं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मी नेसरीच्या चिमणाबाईंचं रक्त घेतलं आणि तिथंच उभी राहून नळीवर नाव लिहिलं. लॅबमध्ये तपासलं, तर गट ओ. आजऱ्याच्या मावशींचा जुना कागद काढला, तर बी. म्हणजे मघाशी सुई टोचली असती, तर ओ गटाच्या बाईला बी गटाचं रक्त चढलं असतं.

डॉक्टर लॅबमध्ये आले. दोन्ही कागद त्यांनी नीट बघितले. “सगळ्यांदेखत बोललो, आता सगळ्यांदेखतच माफी मागतो,” म्हणाले, आणि वॉर्डात जाऊन खरंच मागितली. खोटं कशाला बोलू, मी मान ताठ करून अख्ख्या वॉर्डातून एक फेरी मारली.

ऑपरेशनमध्ये रक्त बरंच गेलं. दोन्ही पिशव्या लागल्या. दुपारी नेसरीच्या चिमणाबाई शुद्धीवर आल्या आणि पहिल्यांदा चहाच मागितला. बाहेर बाकावर पिराजी बसले होते. त्यांना सगळं कळलं होतं. मला बघून ते उठले आणि त्यांनी हात जोडले. एरवी मी ‘अहो, असू द्या’ म्हणते. त्या दिवशी तसं म्हटलं नाही.